उपास नसलेलं तोंड

सांगू नकोस म्हणून आजीने मला दंडाला चिमटा काढून बजावलंय, आणि मी तशी चारचौघांत तोंड उघडणारी मुलगी नाही, पण तुम्ही काही आमच्या देब्रे मार्कोस गावचे नाही, तुमच्याकडून हे आत्यांपर्यंत जायचं नाही, म्हणून सांगते… की दोन वर्षांचं पोर घरात असताना ईस्टर घरी करायचाच कशाला? दरवर्षी आजीकडे व्हायचा, सुखात व्हायचा. पण यंदा आजीचा गुडघा आखडला आणि बाबा मोठ्या तोंडाने म्हणाले, "आई, यंदा सगळे आमच्याकडे!" म्हणजे कोण करणार? आई करणार. बाबा काय, कोंबडा आणून मोकळे!

आणि करायचं काय, तर दोरो वत. कोंबडीचा तो लालभडक रस्सा, ज्यासाठी आम्ही जवळजवळ दोन महिने थांबतो… मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. आणि शेवटच्या शनिवारी तर काहीच नाही. मी, आई, बाबा, सगळे कोरडे. आजीने शुक्रवारपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आणि त्याच शनिवारी दिवसभर चुलीपुढे बसून तो रस्सा रटरट शिजवायचा, नुसता वास घ्यायचा आणि चाखायचा नाही! मीठ? मीठ अंदाजाने. तिखट? देवाच्या भरवशावर. घरात उपास नसलेलं तोंड एकच… माझा भाऊ याबी. आणि त्याला शब्द येतो एकच, "अजून."

तर शनिवारी सकाळी चर्चमधून हिरव्या लव्हाळ्याच्या पात्या आल्या. आम्ही सगळ्यांनी त्या कपाळाला बांधल्या. याबीलाही बांधली. पाच मिनिटांत ती याबीच्या कपाळावर नाही. कुठे आहे? कोंबड्याच्या गळ्यात! अंगणात बांधलेला तो कोंबडा आशीर्वाद मिळाल्यासारखा मान ताठ करून उभा, आणि बाबा हातात सुरी घेऊन त्याच्यापुढे. "आता याला कापू, की याच्या पाया पडू?" आजी आतून ओरडली, "पाती काढ आणि काप! पोराला आत घे आधी!" पोराला आत मी घेतलं. मग तासभर तो दाराशी उभा राहून "अजून? अजून?" करत कोंबड्याला शोधत होता. आता याला काय सांगणार, सांगा?

आई बिचारी सकाळपासून कांदा परतत होती. आजी कोपऱ्यातल्या तिवईवर, कपाळाला पाती, हातात जपमाळ. "मी काही करणार नाही हं, सूनबाई. मी फक्त बसलेय." बसलेय! "आच मोठी आहे." "कांदा अजून रडतोय." "आमच्या वेळी कोंबडी इतकी धुवायचे की पाणी लाजायचं." आई हसून "हो आई, हो आई" म्हणत होती, पण तिचे कान लाल झाले होते, मी पाहिलं. कारण रविवारी जेवायला येणार होत्या त्सेदालेआत्या. तुम्ही आत्यांना ओळखत नाही. एका लग्नात नवरीच्या आईसमोर "जेवण ठीक होतं" एवढंच म्हणून आलेली बाई, ते "ठीक" अजून गावभर फिरतंय! आईला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. मला म्हणाली, "हिलिना, सगळं चालेल गं, पण माझ्या रश्श्याला कुणी 'ठीक' म्हणायला नको."

तर दुपारी रस्सा होत आला, तुपाचा वास घरभर, आईने मिठाच्या डब्यात हात घातला… आणि धाडकन! याबीने कांद्याची टोपली अंगावर ओढून घेतली. आई धावली, मी धावले, कांदे पलंगाखाली, याबी कांद्यांवर. सगळं आवरून आई चुलीपाशी आली आणि थांबली. हाताकडे बघते, डब्याकडे बघते, पातेल्याकडे बघते.

"हिलिना… मी मीठ घातलं का गं?"

आता मला काय माहीत? मी पलंगाखाली होते! घातलं असेल आणि पुन्हा घातलं तर खारट. नसेल घातलं तर आळणी. दोन महिन्यांचा उपास, आणि तो सुटणार या पातेल्यावर, आणि समोर आत्या! चाखायचं कुणी? घरात उपास नसलेलं तोंड एकच.

आईने इंजेऱ्याचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या मऊ भाकरीचा, एवढासा तुकडा रश्श्यात बुडवून याबीच्या जिभेला लावला. "बाळा, कसं आहे? मीठ आहे?" याबीचे डोळे पाणावले, नाक वाहिलं, आणि तो म्हणाला, "अजून!" अहो, हा साबण चाटूनही "अजून" म्हणतो! मागच्या आठवड्यात खडूला म्हणाला होता!

आणि तेवढ्यात त्याने स्वतःच एक तुकडा घेतला, पातेल्यात बुचकळला आणि गेला थेट आजीकडे, हात वर करून. गुर्शा! आपल्या हाताचा घास आजीच्या तोंडाशी.

आता आमच्यात गुर्शा नाकारत नाहीत. समोरच्याचा हात परत पाठवायचा नाही, मग तो कुणाचाही असो. आणि उपासही मोडायचा नाही. आजी त्या घासाकडे बघतेय, रस्सा याबीच्या कोपरापर्यंत ओघळतोय, त्याचा खालचा ओठ थरथरायला लागलाय… आणि तो ओठ एकदा सुटला की सगळी गल्ली गोळा होते!

आजी शांतपणे म्हणाली, "सूनबाई, भिंतीकडे बघ."

आई वळली.

"हिलिना, तू पण."

मी पण वळले. पण भिंतीला पातेल्याचं झाकण टेकवलेलं होतं, मीच सकाळी घासून चकचकीत केलेलं. मी काय करू? दिसलं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "मीठ पडलेलंच नाही."

"कसं कळलं, आई?"

"वासावरून. जन्म गेला माझा यात."

आईने मीठ घातलं, ढवळलं. "आता?"

"थांब, पुन्हा वास घेते. भिंतीकडे बघा."

आम्ही पुन्हा भिंतीकडे. "आता बरोबर," आजी म्हणाली.

आणि खरंच बरोबर! रविवारी आत्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आई श्वास धरून उभी, आणि आत्या म्हणाल्या, "वहिनी, इतका बेतशीर हात? न चाखता?" आई आजीकडे बघून म्हणाली, "आईंचं नाक." आईचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! आजीने मान खाली घालून जपमाळ ओढली आणि जाता जाता मला तो चिमटा काढला.

आता पहिल्या घासाचं मी समजू शकते. पोराचं मन कोण मोडणार? देवही म्हणेल, जाऊ दे. पण दुसऱ्या वेळी, तुम्हाला सांगते, याबी तिथे नव्हताच. तो दाराशी कोंबड्याला शोधत होता. आणि त्या झाकणात मी बघते तर आजी स्वतःच हळूच उठून, तो दुखरा गुडघा घेऊन, पातेल्यापाशी जाऊन इंजेऱ्याचा चांगला मोठा—

"हिलिना! अगं, कॉफीचे कप आणतेस ना? कुणाशी बोलतेयस?"

आले, आजी! कुणाशी नाही! मी आपली मिठाचंच म्हणत होते, म्हणजे—