पट्टीखालचा आकडा

(शाळा सुटलेली. वर्गात तिघंच: गणिताच्या बाई, सहावीतली धाकटी आणि सायकलच्या दुकानातून तसाच उठून आलेला तिचा दादा.)

दादा : आधी या पट्ट्या कोणी चिकटवल्या ते सांगा. मग बसतो.

बाई : मी चिकटवल्या. बस आता.

दादा : नाही बसत. हे बघा. अख्खा कागद इंग्रजीत भरलाय आणि जिथे आकडा पाहिजे तिथे पांढरी पट्टी. बिनआकड्याचं गणित? माझ्या बहिणीला काय बिनडोक समजलात?

धाकटी : दादा, हळू बोल ना.

दादा : तू थांब गं. मला माहितेय मला कशाला बोलावलंय. मराठी शाळेतनं आली, इंग्रजी झेपत नाही, खालच्या वर्गात बसवा. मोठे सर आईला तेच म्हणाले होते. आई घरी येऊन ताटावरनं उठली त्या दिवशी. ही बारक्या पोरांत बसली ना, तर ही पण शाळा सोडेल. मी ओळखतो हिला.

बाई : तू सोडलीस तशी?

दादा : माझं राहू द्या.

बाई : बरं, राहू दे. बाक छोटा आहे, पाय बाहेर काढून बस. पहिल्या चाचणीत हिने काय केलं ते सांगते. बस आठ वाजता सुटते. आत चाळीस माणसं. पुढच्या थांब्यावर पाच उतरतात. आता बसमध्ये किती?

दादा : पस्तीस. हे काय विचारणं झालं?

बाई : हिने लिहिलं बत्तीस.

दादा : बत्तीस कसे? आठ कुठनं आले?

बाई : घड्याळातून.

धाकटी : पाच अक्षरात लिहिले होते रे. आकडे दोनच दिसत होते.

बाई : माणसांतून वाजलेले वजा केले हिने. पुढचं प्रत्येक गणित तसंच. मोठ्यातून लहान वजा, आणि उत्तर फार मोठं वाटलं तर भागाकार. प्रश्न वाचलाच नव्हता. मी विचारलं, ही युक्ती कोणी शिकवली? म्हणाली, कोणी नाही, माझी मीच.

दादा : काय म्हणाली?

बाई : माझी मीच.

धाकटी : बाई, जाऊ द्या ना ते.

दादा : थांब. खोटं बोललीस तू? माझ्यासाठी?

धाकटी : मग काय तुझं नाव सांगू? आधीच तुला सगळे बोलतात.

दादा : बाई, ती युक्ती माझी. मीच म्हटलं, इंग्रजी वाचत बसू नको, डोकं फिरतं. आकडे उचल आणि मोकळी हो. माझी गाडी त्याच्यावरच चालली आठवीपर्यंत.

बाई : आणि आठवीत?

दादा : आठवीत गणितं लांबलचक झाली. चार चार आकडे. कुठला उचलायचा तेच कळेना. मास्तर म्हणाले, तुझं डोकंच नाही गणिताचं. मी पण म्हटलं, नाही तर नाही.

बाई : डोक्याचा काही दोष नव्हता. प्रश्न काय म्हणतोय तेवढंच कोणी समजावलं नाही. म्हणून या पट्ट्या. उचलायला आकडाच नसला की वाचावं लागतं. आधी गोष्ट काय आहे ती मराठीत सांगायची. चित्र काढायचं, हातवारे करायचे. मग इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल. शेवटी पट्टी.

दादा : आणि बाकीची पोरं हसायला मोकळी.

धाकटी : कोण हसतंय? आता सगळ्यांनाच पट्ट्या लागतात.

बाई : सुरुवातीला फक्त हिला आणि नव्या आलेल्या दोघांना देत होते. मग पहिल्या बाकावरच्या मुली भांडायला आल्या, आम्हाला का नाही म्हणून. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुली, पण पट्टी लावल्यावर त्यांनाही गोष्ट सांगता येईना.

दादा : म्हणजे त्या पण घड्याळ वजा करत होत्या?

बाई : निम्म्या तरी.

दादा : हं. पण मोठ्या सरांचं काय? ते ऐकणारे नाहीत.

बाई : ते तूच सांग गं. काल काय झालं?

धाकटी : सर वर्गात येऊन मागे बसले. आणि मलाच उभं केलं. टाकीचं गणित. वरनं पाणी येतंय, खालचा नळ चालू राहिलाय. मी म्हटलं, सर, आधी गोष्ट सांगू? ते म्हणाले, उत्तर सांग. समोर आकडे होते रे, तीन. तुझी युक्ती आठवली.

दादा : मग? उचललेस?

धाकटी : नाही. तळहाताने झाकले. आणि म्हटलं, थांबा सर, अजून वाचतेय.

दादा : सरांना? थांबा म्हणालीस?

बाई : मग हिने फळ्यावर टाकी काढली, नळ काढला. म्हणाली, 'वॉटर कमिंग, वॉटर ऑल्सो गोइंग, सो टँक स्लो.' सर इंग्रजी सुधारायला लागले, मी म्हटलं, आधी गणित होऊ दे. हिने हात काढला, आकडे घातले. उत्तर बरोबर.

दादा : मग सर काय म्हणाले?

बाई : ही याच वर्गात राहील म्हणाले. तेच सांगायला बोलावलं होतं. तू दारातूनच भांडत आलास.

दादा : आधी का नाही सांगितलं?

बाई : बोलू दिलंस का?

धाकटी : मी पण दुकानातनं येताना वाटेत तीनदा सांगायला गेले. नुसता पॅडल मारत होता.

दादा : चुकलं माझं. बाई, ते बिनडोक वगैरे जे बोललो...

बाई : विसरले मी. आणि एक ऐक. पट्टी काढल्यावर हिचा हिशोब पटकन होतो. पाढे तोंडावर आहेत. ते कोणी करून घेतले?

धाकटी : दादाने. दुकानात चाकाच्या तारा पुसता पुसता.

बाई : मग निम्मं काम तुझंच. मला आयतं मिळालं.

दादा : असं नका बोलू. मला... आईला काय सांगू तेच सुचत नाहीये. तुमचे उपकार झाले बाई. आमच्या वेळेला कुठे होता तुम्ही?

बाई : दुसऱ्या शाळेत. हा कागद घे. आठवीचा आहे.

दादा : मला कशाला? मला दुकानात परत जायचंय.

धाकटी : अरे, एकच गणित. मी मदत करते. हे बघ, 'ट्रेन' आहे, हे 'लेट' म्हणजे उशीर.

दादा : तेवढं येतं मला. गाडी उशिरा निघाली. का निघाली? मग पुढे... हे काय लिहिलंय?

धाकटी : अवघड आहे का? पट्टी काढू?

दादा : हात लावू नको. अजून वाचतोय.