छाती कशानं धुवायची?

पावसानं हवा धुऊन निघते, मग माणसाची छाती कशानं धुवायची? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तो कोणी विचारला, ते शेवटी सांगते.

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य अच्युत सर, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होऊन नागपूरला निघालेल्या रसायनशास्त्राच्या अपर्णा मॅडम, सर्व प्राध्यापक, मैत्रिणी, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेले माझे आईबाबा, आपणा सर्वांना नमस्कार.

मी रायपूरच्या कारखान्यांलगतच्या भनपुरीची. आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिलीच. मॅडम दर रविवारी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, समाजभवनात शाळकरी मुलांना हवेचं रसायन शिकवायच्या. आई हसायची, "हवा का शिकाची गोष्ट आहे, मॅडम?"

त्यावर मॅडम एका हिवाळ्यात सरळ आमच्या गच्चीवर आल्या. आईनं कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घालून वर जुनं पांढरं लुगडं पसरलं होतं. मॅडमनी लुगड्याखालून चुंबक फिरवला, आणि वर साचलेली काळी धूळ त्याच्यामागे मुंग्यांसारखी चालू लागली. बाबा सिलतऱ्याला लोखंडाच्या भट्टीवर असतात. ते खाली वाकून म्हणाले, "हे तं भट्टीचंच दिसते. मी डबा घेऊन सायकलीनं येतो, अन् हे माह्याआधी घरी पोचते."

थंडीत गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर खालीच कोंडतो, असं मॅडमनी समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे सारं रायपूर एकाच झाकल्या गंजात शिजून राहिलं."

याहून सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

पण मला खरं थक्क केलं ते हवेतल्या हायड्रॉक्सिल नावाच्या कणानं. ऊन, ओझोन आणि पाण्याची वाफ यांतून तो घडतो. जगतो जेमतेम सेकंदभर, बहुधा त्याहूनही कमी. तेवढ्यात एखाद्या विषारी वायूला गाठतो, त्याला बदलतो आणि स्वतः संपतो. आपण इथे टाळ्या वाजवतो आहोत, तेव्हाही वर उन्हात हे चालूच आहे. कोण त्याचा सत्कार करणार?

मॅडम निघाल्या, आता रविवारचा वर्ग बंद, असं पाऱ्यात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाबाही म्हणाले, "पोट्टे आता पतंगच उडवतीन."

मॅडम, आपले आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर घरची मुलगी म्हणून पोटात घाला.

आणि तो प्रश्न. गेल्या रविवारी तुम्ही सामान बांधत होता, तेव्हा समाजभवनातला वर्ग मी घेतला. पाऊस हवेतली धूळ खाली आणतो, असं सांगत होते. वर्गातली सोनिया उठली. तिचे वडील बाबांच्याच पाळीला असतात. म्हणाली, "दीदी, हवा तो पानी से धुल गई. पापा की छाती काहे से धुलेगी?"

उत्तर न आलेला प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसायचा नाही, ही तुमची रीत. मी तो तिथे लिहिला आहे.