आता की आधी

चष्मेवाला भिंगं पुसत होता, पण कान बाकावरच्या मायलेकींकडे होते. लेक चांगली तिशीची.

"त्या गायिकेचं आत्मचरित्र झालं का गं वाचून?" आईनं विचारलं.

"निम्मं झालं."

"एवढी नावाजलेली पोर, पण बापानं मोकळा श्वास घेऊ दिला नाही. काय खायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तोच ठरवणार. मेला."

"तू कधी वाचलंस?"

"तुला देण्याआधी. म्हटलं, भलतंसलतं नाही ना, बघावं. शेवटचं प्रकरण राहू दे. उगाच घर सोडून जाते ती."

"या ताई," चष्मेवाल्यानं लेकीला खुर्चीत बसवलं, डोळ्यापुढचं भिंग बदललं. "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?"

"आधी," आई म्हणाली.