एका शब्दाविषयी दोन शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय डॉक्टर मालीवान, सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणारे आपले संचालक आदरणीय बापाक प्रस्तोवो, त्यांच्या पत्नी इबू लास्त्री, व्यासपीठावरचे नऊ देशांचे मान्यवर प्रतिनिधी, मागच्या काचेच्या खोलीत बसून माझं बोलणं इतर भाषांत पोचवणारे दुभाषे सहकारी, आणि इतकं जेवूनही अजून जाग्या असलेल्या श्रोत्यांनो,

सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सहकाऱ्यांच्या वतीने दोन शब्द’ असं छापलंय. दोन शब्दांचं माहीत नाही, पण मी एका शब्दाविषयी बोलणार आहे.

मी या केंद्रात भाषा तपासनीस आहे. नऊ देश एकत्र येऊन समाजविकासाची जी पत्रकं, ठराव, पुस्तिका काढतात, त्यांतलं आपल्या इंडोनेशियन भाषेतलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. मी वाचते, चुका काढते आणि खाली सही करते. सतरा वर्षं हेच केलंय. त्यांतली चौदा बापाक प्रस्तोवोंच्या हाताखाली.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी बापाकांच्या चांगुलपणाचे किस्से सांगितले. ते सगळे खरे आहेत. मीही एक सांगते. एकदा मनिलाच्या बैठकीत दोन देशांच्या प्रतिनिधींमध्ये पुढच्या खुर्चीवरून धुसफुस सुरू झाली. बापाक उठले, पोटावर हात ठेवून म्हणाले, “मला मागे बसावं लागेल, माझं पोट बिघडलंय, दाराजवळ असलेलं बरं.” आणि स्वतःची खुर्ची देऊन टाकली. दोघंही पुढे बसले. बापाक तीन तास दाराजवळ बसून राहिले. पोटाला काहीही झालं नव्हतं.

आपल्या बाजूच्या प्रत्येक भाषेत यासाठी शब्द आहे. समोरच्याला अवघडवायचं नाही. तो अवघडला की आपणही अवघडतो. बापाकांनी चौदा वर्षांत कुणालाही अवघडवलं नाही. त्यांची ही कीर्ती नऊ देशांत आहे. आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

दहा वर्षांपूर्वी परदेशात घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी आपण एक कार्ड काढलं. पत्त्याएवढं, कमरेच्या पिशवीत मावेल असं. त्यावर मदतीचा एक क्रमांक आणि पाच ओळी. थाई, व्हिएतनामी, ख्मेर, बर्मी, तागालोग, प्रत्येक मजकूर त्या त्या देशात दोनदा तपासला गेला. ख्मेर मजकूर तर चार वेळा परत आला. राहिले मलेशिया आणि आपण. मलेशियाच्या चिक रोहाया आज समोर बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, “आमचा मजकूर तयार आहे.” आपल्या सरकारी खात्याचे प्रतिनिधी लगेच म्हणाले, “मग आमचाही तयार झाला की! भाषा तर एकच.” सभागृहात टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, “याला म्हणतात शेजारधर्म.” पुढे अहवालात एक प्रकरणच आलं, ‘एक मजकूर, दोन देश’.

त्या मजकुराची तिसरी ओळ अशी होती: या क्रमांकावर फोन करणं पर्चुमा आहे.

दुभाष्यांना विनंती, हा शब्द आहे तसाच उच्चारा. थायलंड, व्हिएतनामच्या पाहुण्यांसाठी सांगते. क्वालालंपूरला पर्चुमा म्हणजे पैसे पडत नाहीत. इथे जावात पर्चुमा म्हणजे काही उपयोग नाही.

आपल्याकडचे काही जण हसताहेत. हसा. हा आपला जुनाच विनोद आहे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी सांगतंच. मलाही तो ठाऊक होता. पण मी सात वर्षं क्वालालंपूरला शिकले. तिथे दवाखान्याच्या दारावर, वस्तुसंग्रहालयाबाहेर पर्चुमा दिसलं की गरीब विद्यार्थिनी म्हणून मला आनंद व्हायचा. कार्ड टेबलावर आलं, मी ती ओळ वाचली, मनातल्या मनात मला तोच जुना आनंद झाला, आणि मी सही केली.

चूक माझी आहे. हे वाक्य या इमारतीत मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय.

चार वर्षांनी बापाकांनी मला पाहणीसाठी पूर्व जावातल्या पोनोरोगोला पाठवलं. परत आलेल्या बायकांना विचारायचं होतं, कार्ड मिळालं का, जपून ठेवलं का. शंभरातल्या शहाण्णव जणींनी जपलं होतं. हा आकडा आजच्या स्मरणिकेतही आहे. फोन किती जणींनी केला, हा प्रश्न छापील यादीत नव्हता. तो मी आपणहून वार्तिनाला विचारला.

वार्तिना तेव्हा एकतीस वर्षांची होती. मलेशियात, जोहोरमध्ये एका घरात तीन वर्षं होती. बाहेरच्या दाराला कुलूप असायचं, किल्ली मालकीणबाईच्या कमरेला. एकदा इस्त्री नीट झाली नाही म्हणून बाईने तीच इस्त्री तिच्या डाव्या हातावर ठेवली. तीन बोटं आता मिटत नाहीत. केस बांधायला तिला शेजारीण लागते.

तिने कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकमध्ये घातलेलं, कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

मी म्हटलं, “अगं, इतकं जपलंस, मग फोन का नाही केलास? घरात फोन नव्हता?”

“होता की. स्वयंपाकघरात, भिंतीला. रोज मीच पुसायचे.”

“मग?”

तिने कार्ड माझ्यासमोर धरलं. “इबू, तुम्ही शिकलेल्या ना? वाचा. लिहिलंय की, करून उपयोग नाही म्हणून.”

मी वाचलं. त्या ओसरीवर, त्या दिवशी मी ती ओळ माझ्या आईच्या भाषेत वाचली.

“तुला विचित्र नाही वाटलं? उपयोग नाही तर क्रमांक कशाला देतील?”

“वाटलं ना. मग म्हटलं, चला, सरकारी कागदावर एकदा तरी खरं छापलंय.” आणि ती हसली. शेजारीणही हसली. म्हणाली, “आमच्या हिला तर ते कार्ड फार आवडायचं. म्हणायची, बाकीचे गोड बोलून फसवतात, हे निदान तोंडावर सांगतात.”

मी चहा घेतला, तळलेली केळी खाल्ली आणि निघाले. एका बाईची तीन वर्षं आणि तीन बोटं फुकट गेली, आणि मी तिच्याकडची केळी खाऊन आले.

जकार्ताला परतल्यावर थेट बापाकांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. कार्ड हातात घेऊन वाचलं. मग म्हणाले, “एंदाह, हे बघ. मलेशियाला तुमचा शब्द चूक आहे म्हणावं, तर त्यांच्याकडे तो बरोबरच आहे. चिक रोहायांना वाईट वाटेल. आपल्या खात्याला म्हणावं, तुम्ही वाचलंच नाही, तर त्यांची शोभा होईल. आणि मजकूर बदलायचा म्हणजे नऊ देशांची संमती. सगळेच अवघडतील.”

मी म्हटलं, “बापाक, बायका फोन करत नाहीयेत.”

ते म्हणाले, “तुझी सही आहे त्यावर. पोरं लहान आहेत तुझी. मी हा विषय वर नेत नाही. तू घरी जा, झोप.”

आणि मी काय केलं? मी त्यांचे आभार मानले. अगदी मनापासून. दाराशी वाकून त्यांचा हातसुद्धा कपाळाला लावला. त्यानंतर कार्डाची दुसरी आवृत्ती निघाली. तीही माझ्याकडे तपासायला आली. मी काय केलं असेल, हे या सभागृहात कुणाला विचारावं लागेल का?

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की बापाकांनी मला वाचवलं. हल्ली वाटतं, त्या दुपारी त्यांनी आम्हा दोघांनाही वाचवलं, आणि बदल्यात कुणाला दिलं ते आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. चांगल्या माणसाबरोबर गप्प बसणं फार सोपं असतं. वाईट साहेब असता तर मी कदाचित भांडले असते.

आता तिसरी आवृत्ती. बापाकांच्या निवृत्तीनिमित्त खास सोनेरी कडा असलेली. खाली वाहनतळाशेजारच्या खोलीत चाळीस पेट्या आहेत, सोमवारी त्या पोनोरोगो, चिलाचाप आणि लोंबोकला जातील. तिसरी ओळ तीच आहे. या वेळी मी सही केलेली नाही. कुणी मागितलीही नाही. जुन्याच मजकुराला कशाला, म्हणाले.

काल मी बापाकांकडे पुन्हा गेले. मजकूर बदलायचा अधिकार नऊ देशांचा, मान्य. पण पेट्या थांबवायचा अधिकार एकट्या संचालकांचा आहे. तसा चार ओळींचा आदेश मी टाइप करून नेला होता. बापाकांनी चष्मा लावून तो वाचला. एक स्वल्पविराम सुधारला. मग म्हणाले, “नव्या संचालकांना ठरवू दे गं. जाता जाता मी कुणाला अवघडवू?”

वार्तिना आज इथे आहे. तिसऱ्या रांगेत, निळ्या ओढणीत. माझ्यानंतर ‘लाभार्थींच्या वतीने पुष्पगुच्छ’ असा कार्यक्रम आहे, त्यासाठी तिला रेल्वेने आणलंय. सकाळी नाश्त्याला माझ्यासमोरच बसली होती.

“इबू, मी काय बोलायचं तिथे?”

“काही नाही. फुलं द्यायची, फोटो काढायचा.”

“कार्डाचं कुणी विचारेल?”

“नाही.”

तिने उजव्या हाताने भाताचा घास घेतला, सावकाश खाल्ला. तिला ‘पर्चुमा’ची सगळी हकिगत मी गेल्या वर्षी सांगितली होती. सहीसकट. त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “म्हणजे कुणीतरी उचलला असता फोन?” आज सकाळी म्हणाली, “माझ्या मावसबहिणीचं नाव लागलंय, पुढच्या महिन्यात जोहोर. पुढच्या आठवड्यात तिला ट्रेनिंगला बोलावलंय, तिथे कार्ड वाटतात. माझं जे व्हायचं ते झालं. तुम्ही तेवढा तो शब्द बघा. आणि बघणार नसाल तर मला फुलं देऊ नका हातात, एका हाताने मोठा गुच्छ धरता येत नाही मला.”

म्हणून मी हे बोलतेय. चिक रोहाया, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा शब्द तुमच्या देशात चांगला आहे. आमच्या खात्याचे साहेब, तुम्ही वाचलं नाही, मी वाचलं आणि तरीही सही केली. माझ्यावर काय कारवाई करायची ती सोमवारी करा, मी कामावर असेन. इबू लास्त्री, तुमच्या घरच्या आनंदाच्या दिवशी मी हे केलं, तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलला नाहीत तरी मी समजू शकेन.

आदरणीय बापाक, तुमचे अधिकार आज पाच वाजेपर्यंत आहेत. आत्ता चार वाजून वीस मिनिटं झालीत. आदेशाचा कागद मी तुमच्यासमोर, पिवळ्या भाताच्या ताटाशेजारी ठेवते. तुमचा स्वल्पविराम मी घातला आहे. तुम्ही अवघडलात, मला दिसतंय. मीही अवघडलेय. सगळं सभागृह अवघडलंय. बसू या असेच थोडा वेळ. कुणी मरत नाही याने.

अध्यक्षांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांची आभारी आहे. दुभाष्यांनी माझा राग सौम्य केला असेल तर त्यांचीही आभारी आहे, पण कृपया तो शब्द सौम्य करू नका. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. कार्डावरच्या चुकीची क्षमा मात्र मी मागत नाही. ती तिसऱ्या रांगेत मागायची आहे, आणि बापाकांनी सही केल्याशिवाय तिथे जायला माझे पाय उचलत नाहीत.