हिरडीला लावलेलं औषध

मी मूळची सफाळ्याच्या आतल्या, डोंगराकडच्या गावची. लग्न करून बोईसरला आली, सरावलीत खोली घेतली, मालक कंपनीत होते, मी बाटल्यांची झाकणं भरायला जायची, अजून जाते. मूलबाळ झालं नाय. मालक जाऊन सहा वर्सं झाली. आता मी नि टीवी, काय सांगू तुमाला, टीवी बंद केला की खोली खायला उठते.

तर दाढ दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंकडं गेली, पोरगीच ती. बोलली मावशी, आधी कधी औषधाचा तरास झालाय का, मी बोलली नाय बा. मग बोलली सुई टोचायच्या आधी हिरडीला मलम लावते, जागा बधिर होईल, सुई कळणार नाय. लावलं, नि जरा वेळानं ओठ खाजायला लागला, मला वाटलं असंच होत असेल, गप बसली. मग मान खाजायला लागली, जीभ जड, श्वास आत जाईना. खुर्चीवर हात आपटला मी. तिनं वळून बघितलं नि तिचा चेहराच उतरला. मलम पुसलं, मांडीत सुई मारली, गाडी बोलावून माझ्यासोबत हास्पिटलात आली. सगळ्या वाटेत हात धरून, मावशी माझ्याकडं बघा, डोळे मिटू नका. मालक गेल्यापासून माझा हात कोणी धरला नव्हता. जीव चाललाय नि माझ्या मनात तेच, बघा.

वाचली. घरी सोडताना तिनं मलमाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, बोलली हे पुन्हा कधी लावायचं नाय, नि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, तुम्ही बेशुद्ध असलात तर कोणीतरी सांगायला पायजे. मी हो हो बोलली. खोलीत येऊन चिठ्ठी घेऊन बसली, सांगू कुणाला. गावाला भावाला फोन लावला, तो बोलला भात झोडतोय, मग कर. नाय केला.

शेवटी शेजारची भाभी, बिहारची. पाच वर्सांत आमी पाणी आलं का, एवढंच बोललेलो. मी बोलली, भाभी, ये दवा मेरेको मारता है, कोई पूछेगा तो तुम बताना. तिनं चिठ्ठी वाचली, बोलली दीदी, आपका और कोई नहीं है? मी मान हालवली. तिनं मोबाइलात चिठ्ठीचा फोटो काढला.

दाढ मग दुसऱ्या औषधाची तपासणी करून काढली, काय झालं नाय. पण गेल्या महिन्यात भाभीच्या नवऱ्याचं काम वापीला गेलं. निघताना बोलली, फोटो है मेरे पास, दीदी. आता माझी चिठ्ठी वापीला हाय. असू दे. सुखात राहो ती नि तिची पोरं. तिच्या खोलीत नवीन माणसं आलीत, त्यांना अजून सांगितलं नाय.