दुसऱ्या वेळी मोडलेली मान

पुरवणी जबाब. चोपडा, दिनांक २१ मार्च १९९१, सकाळी सव्वानऊ.

माझे नाव जीवराम तोताराम सैंदाणे, वय ५२ वर्षे, धंदा केशकर्तनालय, मूळ राहणार सोनगीर, हल्ली राहणार चोपडा. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो ते असे की,

मी सतरा वर्षांपूर्वी सायकलला वस्तरा-कात्रीची धोपटी बांधून या गावात आलो. आता तीन खुर्च्यांचे दुकान आहे. दाढी-कटिंगनंतर मी गिऱ्हाईकाची मान मोडून देतो. त्याचे वेगळे काही घेत नाही. पण लोक माझ्याकडे येतात ते त्यासाठीच, हे मला ठाऊक आहे. मान मोडताना मी हातापेक्षा कानावर जास्त चालतो. दोन्ही बाजूंनी आवाज आला की काम झाले.

यापूर्वी दिनांक १६ रोजी माझा जबाब झाला. त्यात वना सुकदेव, केळीचे घड वाहणारा मजूर, हा मंगळवारी दिनांक १२ रोजी माझ्या दुकानी दाढी करून गेला, असे मी लिहून दिले. ते खरे आहे, पण अर्धेच आहे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वना आणि ट्रॅक्टरवाला लोटन यांची घड उतरवण्याच्या नंबरावरून बाचाबाची झाली. लोटनने वनाचा गळ्यातला गमछा धरून ओढला. लोकांनी सोडवले. हे दुकानाच्या समोरच घडले, मी पाहिले. साडेअकराला वना माझ्याकडे आला तेव्हा चांगला बोलत होता. गळ्यावर वळ नव्हता. दाढी करताना गळा माझ्याच हाताखाली होता, म्हणून खात्रीने सांगतो.

दाढी झाल्यावर तो म्हणाला, "नाना, घड वाहीवाहीसन मान धरी गई. मोडी दे." मी उजवीकडे मोडली, आवाज आला. डावीकडे आला नाही. एका बाजूने मोडलेली मान घेऊन गिऱ्हाईक उठले की दिवसभर कुरकुरते आणि बाहेर सांगते की नानाचा हात गेला. म्हणून मी हनुवटी धरून परत, जोरात झटका दिला. आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. ओली काडी मोडावी तसा होता. वना "आई" म्हणाला, मग हसला आणि गेला. आवाज निराळा आहे हे मला तेव्हाच कळले होते.

बुधवारी संध्याकाळी तो परत आला. डाव्या डोळ्याची पापणी खाली आली होती. डाव्या बाजूने डोके दुखते म्हणाला. खुर्चीवरचे बन्सीलाल टेलर म्हणाले, "वना, एक डोया झाकीसन कोणले इशारा करी ऱ्हायना रे?" सगळे हसले. मीही हसलो. वना म्हणाला, "हसू नका, भाऊ. मना कानमा यंजिन चालू शे. बंदच व्हत नही."

मी त्याच्या कानाखाली माझा कान लावला. मला ऐकू आले. नाडीबरोबर आत सुं सुं असा आवाज होता. मी त्याला वारा धरला असे सांगितले, बाम चोळला आणि घरी पाठवले. दवाखान्यात जा असे सांगितले नाही. का नाही, असे हवालदारसाहेबांनी विचारले. गेला असता तर डॉक्टरांनी मान कोणी मोडली ते विचारले असते, एवढेच.

गुरुवारी सकाळी सातला वना घड डोक्यावर घेताना पडला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. वनाचा भाऊ चिंधा याने लोटनविरुद्ध गळा आवळल्याची फिर्याद दिली. वनाला बोलता येत नाही, म्हणून लोटन तेव्हापासून आत आहे.

रविवारी मी वनाला भेटायला जळगावी दवाखान्यात गेलो. धुळ्याहून आलेले मेंदूचे डॉक्टर पडद्यापलीकडे चिंधाला समजावत होते. मी अलीकडे उभा राहून ऐकले. मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी आतली धमनी असते, तिचे अस्तर आतून फाटून गुठळी झाली, ती वर गेली, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "नुसता गमछा ओढला होता, की मानेला झटका बसला होता? नीट आठवून सांगा." चिंधा म्हणाला, "गमछाच, साहेब."

डॉक्टर गेल्यावर मी पडद्यापलीकडे गेलो. वनाने मला पाहिले. त्याने डावा हात उचलला, स्वतःची हनुवटी धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याची बायको भिकुबाई म्हणाली, "नाना, तुमले वळखं त्यासनी. दाढी वाढनी ना, दाढी करा म्हणी ऱ्हायनात." तिने बाहेरून वस्तरा-साबण मागवला. मी दाढी केली. तो सगळा वेळ त्याने हनुवटी सोडली नाही, बोटे बाजूला करून करावी लागली. भिकुबाईने मला चहा पाजला.

त्यानंतर मी चार दिवस काही बोललो नाही. दुकान उघडे ठेवले. मान कोणाची मोडली नाही, हात दुखतो म्हणून सांगितले.

आज सकाळी ठाण्याच्या पायरीवर लोटनची आई भागाबाई बसली होती. ती रोज बसते. मला म्हणाली, "नाना, मना लोटनना हातमाईन सुटीसन वना तुनाच दुकानमा उना व्हता ना? तवय बोलत व्हता ना तो?" मी म्हणालो, "व्हता, अक्का. तेच सांगाले जाई ऱ्हायनू."

लोटनने गमछा ओढला, त्याची काय शिक्षा असेल ती असो. वनाची मान मी मोडली. मी दारू पीत नाही, माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

हवालदार लीलाधर बोरसे यांनी जबाब मला वाचून दाखवला. त्यांनी "मान मोडली" इतकेच लिहिले होते. मी तिथे "दोनदा" हा शब्द घालून घेतला आणि त्यापुढे सही केली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.