दुसऱ्या कडव्यानंतर

(संध्याकाळ. फोनवर सोलहून बोराम आणि मोक्पोहून तिचे आप्पा.)

बोराम: तुमचं गाणं झकास झालंय, आप्पा. पण त्याचा गळा कुणी आवळलाय?

आप्पा: मीच! तूच म्हणालीस ना, आवाज वरखाली होतोय, रेकॉर्डिंगला कॉम्प्रेसर लावून जरा दाबा. दाबला.

बोराम: दाबला नाहीत, चेचलात. ॲटॅक कितीवर ठेवलाय?

आप्पा: अगदी कमी. उभा जन्म बोटीच्या इंजिनात गेला माझा. काम फटाफट व्हावं एवढं कळतं मला.

बोराम: इथे फटाफट नको. ॲटॅक म्हणजे आवाज चढला की दाबायला किती वेळ घ्यायचा, ते. तुम्ही तर शब्द ओठावर आला की लगेच धरताय. सुरुवातीची धारच जाते. कवळी काढून गायल्यासारखं वाटतंय.

आप्पा: अगं, कवळी होती की!

बोराम: म्हणूनच सांगते, शब्दाला आधी बाहेर तर पडू द्या. बटण थोडं उजवीकडे फिरवा. आता रिलीज बघा.

आप्पा: तेही कमीच. धरलं की सोडायचं, उगाच लोंबकळत कशाला ठेवायचं?

बोराम: तिथेच तर घोळ झालाय. ओळ संपली रे संपली की तुम्ही पटकन सोडताय. वर सगळा आवाज वाढवून ठेवलाय. मग मागचं सगळं भसकन वर येतं. तुमचा श्वास, फ्रिज, अख्खी खोली.

आप्पा: येऊ दे की. खोलीत माणसं होती, तेवढंच तुला कळेल. चुनबे होता, सांग्गू होता, त्याची बायको किमची घेऊन आली होती. मी काही एकटा नाहीये. सोमवारी खुशाल ओसाकाच्या विमानात बस, नव्या नोकरीवर रुजू हो.

बोराम: मग इतक्या माणसांतलं एकही कसं ऐकू येत नाही?

आप्पा: दम दिला होता मी. म्हटलं, रेकॉर्डिंग चालू आहे, कुणी खोकायचंसुद्धा नाही.

बोराम: आणि चुनबे काका गप्प बसले? आईच्या अंत्यविधीच्या जागरणाला रात्रभर पत्ते कुटत आरडाओरडा करणारे चुनबे काका?

आप्पा: माणूस सुधारतो गं कधीतरी.

बोराम: दुसऱ्या कडव्यानंतर काय आहे, ऐकलंत?

आप्पा: काय असणार? दम घेतोय मी.

बोराम: राइस कुकर बोलतोय. आतली बाई म्हणते, भात झाला, हलवून घ्या.

आप्पा: मग? सगळ्यांच्याच कुकरमधली बाई बोलते.

बोराम: तुम्ही तिला उत्तर देताय, आप्पा.

आप्पा: काहीतरीच तुझं.

बोराम: "हो गं, एवढं कडवं झालं की येतोच." अगदी हळू आवाजात. रिलीज सावकाश असतं तर मला ऐकूही आलं नसतं.

आप्पा: घरात कुणी बोललं की माणूस ओ देतोच.

बोराम: चुनबे काका कुठे आहेत?

आप्पा: मुलाकडे. ग्वांगजूला.

बोराम: कधीपासून?

आप्पा: थंडी सुरू झाल्यापासून. आणि सांग्गूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याला माझे जिने चढवत नाहीत. खरं सांगितलं असतं तर तू ती नोकरी सोडून इथे येऊन बसली असतीस. ते मला नको होतं. आताही नकोच आहे.

बोराम: मग रोज फोनवर कोण आलं, काय खाल्लं, सांग्गू काका पत्त्यांत कसे हरले... हे सगळं?

आप्पा: तुला सांगता सांगता मलाच खरं वाटायचं. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ घर भरल्यासारखं असायचं.

बोराम: एकटं वाटतं ना?

आप्पा: वाटतं. फार वाटतं. दिवस कसाही जातो, दिवेलागणीला जीव नकोसा होतो. रडतेस काय? रडू नकोस, वेडे, नाहीतर मलाही आवरणार नाही.

बोराम: शनिवारी येते मी. रविवारी निघेन आणि सोमवारी विमानात बसेन. शब्द देते.

आप्पा: एका रात्रीसाठी कशाला एवढी दगदग?

बोराम: आप्पा.

आप्पा: बरं, बरं, ये. पण मला एक सांग, दोघांच्या भाताला पाणी किती घालायचं? आताशा मला एकाचाच जमतो.